शेवग्याची फांदी

भाटकाराचा, म्हणजे बागेच्या मालकाचा होकार मिळवायला मी कोरगावात चार खेपा घातल्या. खोली हवी होती एका बाईला आणि तिच्या मुलीला. नवरा रस्त्याच्या कामावर दगावला, मुकादमाने झोपडी मोडली, तेव्हापासून दोघी देवळाच्या अग्रशाळेत, यात्रेकरूंच्या खोलीत पथारी टाकून होत्या. जत्रा तोंडावर आली आणि ती खोली रिकामी करा म्हणून तगादा सुरू झाला. मी साधी बालवाडीची बाई. कुणी न सांगता लष्कराच्या भाकऱ्या भाजायचा माझा जुना रोग.

भाटकाराने काजूच्या बागेतली खोली दिली, पण एक अट घातली.

"बाये, झाडां मात लावपाचीं न्हय. आज झाड लायतली, फाल्यां जागो आपलो म्हणतली."

आमच्याकडे दुसऱ्याच्या जमिनीत झाड लावलं की तो हक्क सांगणं झालं. मी मान डोलावली आणि बाईला सांगायलाच विसरले. विहीर, चूल, साप, सगळं बजावलं. नेमकं हेच राहिलं.

महिन्याभराने भाटकाराचा निरोप आला, उद्या सकाळी खोली बघायला येतो. तेव्हा कुठे मला ती अट आठवली. गोव्यात कोकणी-मराठीच्या वादात झाडं तोडून रस्त्यावर आडवी टाकायचे ते दिवस. पहाटे धरलेली बस अर्ध्या वाटेत अडकली. उरलेली वाट मी जवळजवळ धावतच गेले. भाटकार अजून आला नव्हता.

अंगणात पाय टाकला आणि थबकले. कोपऱ्यात, नीट केलेल्या आळ्यात, शेवग्याची हातभर फांदी उभी होती. तिला कोंब फुटले होते.

भाटकार कुठल्याही क्षणी येईल. दोन्ही हातांनी फांदी उपटली, दगडी गडग्यापलीकडे भिरकावली, पायाने माती सारखी केली. बाई दारातून बघत होती. मी वळेपर्यंत ती आत गेली होती.

आत दोरीवरचे कपडे ओढून ती बोचक्यात भरत होती. मुलगी न सांगता भांडी गोळा करत होती.

"अहो, हे काय करताय?"

"निघायचं की आता. तुमीच आणलं, तुमीच काढताय. राग न्हाई बाई तुमचा."

मला रडूच फुटलं. तिचे हात धरून अट सांगितली, चूक माझी म्हणून सांगितलं.

"पाल्याची भाजी हुईल म्हून लावली वो," एवढंच ती म्हणाली.

भाटकार आला, अंगणभर फिरला. "बरें दवरलां," नीट ठेवलंय म्हणाला आणि गेला. खोली टिकली.

पुढच्या खेपेला गेले तर बोचकं दाराशी तसंच बांधलेलं. आता कशाला, म्हणून मी गाठ सोडायला वाकले. बाईने हलकेच माझा हात बाजूला केला आणि मला बसायला पाट दिला.