चेंडू हलेल तेवढाच वेळ

अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये लेक अमेरिकन फुटबॉलची मॅच लावून बसली होती. खेळ सुरू झाला की हाक मार, असं सांगून मी पोळ्या लाटायला गेले. तिची हाक ऐकून मी धावत बाहेर येईपर्यंत सगळे खेळाडू एकमेकांवर पडून उठलेले असायचे.

"दे आर प्लॅनिंग, आई," ती म्हणायची.

शेवटी वैतागून मी किचनमधला टायमर आणला आणि चेंडू खेळात असेल तेवढाच वेळ चालू ठेवला. तीन तासांनी मॅच खलास झाली, तेव्हा टायमरवर जेमतेम कुकरचा भात होईल एवढा वेळ जमला होता. नवरा पोट धरून हसला.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर त्याची क्रिकेटची टेस्ट मॅच होती. सकाळपासून टायमर सापडेना. शेवटी तो कपाटात, नवऱ्याच्या शर्टांखाली मिळाला.