बेटावरचं घर नक्की कोणतं

एप्रिलातल्या एका दुपारी साडेतीनच्या सुमाराला माझ्या फोनवर निरोप आला. "पोचलो. बेट छान आहे, शांत आहे. फक्त माठात पाणी नाही, कांद्याचं बी आहे. ते कशात काढून ठेवू?"

मी तेव्हा बेटावरच होते. आमच्या दोन खोल्यांच्या घराच्या ओट्यावर बसून पाहुण्यांचीच वाट बघत होते. निरोप दोनदा वाचला, आत गेले आणि माठावरचं झाकण काढून पाहिलं. माठात पाणी होतं, सकाळी मीच फडक्यातून गाळून भरलेलं. मग दोन्ही खोल्यांत डोकावले, न्हाणीत पाहिलं, घराला एक चक्कर मारली. कुणीही आलेलं नव्हतं.

हे घर ओतूरच्या पश्चिमेला, धरणाच्या फुगवट्यातल्या एका टेकाडावर आहे. टेकाड आमचंच. दिवाळीला धरण भरलेलं असतं, तेव्हा त्याच्या चारी बाजूंना पाणी असतं आणि आमचे हे नावेतून ये-जा करतात. होळीनंतर कालव्याला पाणी सुटलं की धरण उतरत जातं, आणि एप्रिलात तिथं ट्रॅक्टरसुद्धा जातो. पुण्यातल्या आमच्या लेकीनं दिवाळीत त्या घराचे फोटो काढले आणि 'बेटावरचं घर' असं नाव देऊन ते पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं ठरवलं. मला म्हणाली, "आई, पाहुण्यांसाठी माहितीचा कागद हवा. कसं यायचं, किल्ली कुठं, दिवा कसा लावायचा. तू मराठीची बाई, तूच लिही."

मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. मुद्देसूद लिहायला मला आवडतं. ओट्यावर बसून मी चौदा मुद्दे लिहिले. समोर निळं पाणी होतं आणि जे समोर दिसत होतं तेच मी लिहिलं. एप्रिलात इथं पाणी नसतं हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? इतकी वर्षं त्या वाटेनं पायी गेलेय. पण लिहिताना ते मनात आलंच नाही.

त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्या म्हणजे सोलापूरच्या दोघी बहिणी होत्या. थोरली बँकेतून निवृत्त झालेली, धाकटी दवाखान्यात नर्स होती. दोघींनी साठी ओलांडलेली. मी त्यांना फोन लावला. तिसऱ्या खेपेला लागला.

"ताई, तुम्ही कुठं आहात?"

"बेटावर," थोरली म्हणाली.

"अहो, बेटावर तर मी आहे."

"हो का? कुठल्या बाजूला? आम्ही पुढच्या दारात बसलोय."

मी फोन कानाला धरून पुढच्या दारात गेले. तिथं आमची खाट होती आणि खाटेखाली मांजर.

"तुमच्या घराला रंग कोणता आहे?" मी विचारलं.

"रंग नाहीये. नुसत्या विटा आहेत. फोटोत पिवळं दिसत होतं, पण फोटोत काय, हल्ली कसाही रंग दाखवतात. आमची काही तक्रार नाही हं, मॅडम." एवढं बोलून फोन कट झाला तो परत लागेना.

मी लेकीला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, तू नक्की आपल्याच घरी आहेस ना?"

खरं सांगते, मी भिंतीकडे पाहिलं. पिवळी होती. तरी मन शांत होईना. त्यांच्याकडे किल्ली कशी आली? किल्ली माझ्या कमरेला होती. मी आल्यावर दगडाखालून मीच काढली होती.

तेवढ्यात आमचे हे ओतूरहून गॅसची टाकी घेऊन आले. मी त्यांना निरोप वाचून दाखवला. ते फार बोलत नाहीत. टाकी खाली ठेवली, टोपी काढली आणि म्हणाले, "बी कुणाचं हाय?"

"मला काय माहीत? मी पाहुण्या कुठं आहेत ते विचारतेय."

"तेच म्हनतोय. ज्यानं रानात कांद्याचं बी धरलंय त्याच्या घरात असतील. धरणाच्या आपल्या अंगाला तिघांनीच धरलंय या साली." आणि ते मोटारसायकल फिरवून त्या तीन घरांच्या दिशेनं निघूनसुद्धा गेले.

मी तिथं बसून काय करणार? पायात बूट घातले आणि टेकाड उतरून धरणाच्या उघड्या पात्रात गेले. साडेचार वाजून गेले होते. आमच्याकडे ऊन कललं की बायका एकट्यादुकट्या फिरत नाहीत, बिबट्याची भीती असते. आणि या दोघी परक्या गावात, कुणाच्या घरात, कोण जाणे.

पात्रात भेगाळलेली माती आणि मधे मधे हिरवं गवत होतं. रोज पाहिलेली जागा, पण त्या दिवशी मला काही कळेनासं झालं. चारी बाजूंना पाच-सहा टेकाडं दिसत होती, सगळी सारखीच. मुलांना मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात. इथं पाणी पार दूर, धरणाच्या भिंतीकडे चकाकत होतं. मी कुणाला विचारलं असतं, बेट कुठंय, तर त्यानं काय दाखवलं असतं?

गवतावर मेंढरं चरत होती. लोणीकडची एक मेंढपाळ बाई उन्हाळ्यात मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप नि बिऱ्हाड, घेऊन इकडे येते. तिनं मला लांबून ओळखलं.

"बाई, कुणाला बघताय?"

"दोघी जणी पाहिल्यास का? शहरातल्या. हातात पिशव्या."

"त्या व्हय! मीच सोडून आले की त्यान्ला."

"कुठं?"

"बेटात."

"कुठल्या बेटात गं?"

"बांबूच्या. आनि कुठलं बेट हाय हितं?"

मी तिच्या हाताच्या रोखानं पाहिलं. पलीकडच्या चढावर बांबूचं मोठं बेट आहे आणि त्याला लागून विटांचं एक घर. आपण झुडपांच्या गर्दीलाही बेटच म्हणतो की. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला ते सुचू नये?

तिनं सगळं सांगितलं. माझ्या कागदात तिसरा मुद्दा असा होता: डांबरी रस्ता संपतो तिथं बाभळीला रुळाचा तुकडा टांगला आहे, तो वाजवावा, म्हणजे नाव येईल. शाळेच्या घंटेवरूनच मला ते सुचलं होतं. दोघी बहिणी रिक्षातून उतरल्या आणि समोर वाळलेलं रान असताना रूळ वाजवत उभ्या राहिल्या. वारा उलटा होता, मला ओट्यावर काहीच ऐकू आलं नव्हतं.

"अर्धा तास बडवत व्हत्या, बाई. मला वाटलं बिबट्या दिसला का काय, म्हनून पळत गेले. तर मला म्हनत्यात, नाव कधी येनार? म्या म्हनलं, कुनाचं नाव? मंग कागद दाखिवला. मला कुठं वाचाय येतं. बेटावरचं घर म्हनल्या, म्हनून नेऊन सोडलं. मी काय चुकीचं केलं का?"

"तू नाही गं," मी म्हटलं. "चल माझ्याबरोबर."

नवऱ्याला मेंढरांकडे बघायला हाक मारून ती आली. आम्ही चढ चढून गेलो. विटांच्या घराचं अंगण झाडून लख्ख केलेलं होतं. दोरीवर दोन साड्या वाळत होत्या. थोरली खताच्या गोणीवर टेकून, चष्मा लावून माझा कागद वाचत होती.

"या मॅडम, या. बरं झालं आलात. आम्हाला पाचवा मुद्दा काही जमला नाही."

पाचवा मुद्दा असा होता: दारामागचं हिरवं बटण दाबलं की दिवा लागतो. मी दारामागे पाहिलं. तिथं विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर होता. त्याचंही बटण हिरवं. नशीब, त्या वेळी शेतीची थ्री फेज लाइट नव्हती, नाहीतर आटलेल्या विहिरीतली कोरडी मोटार जळून गेली असती.

"किल्ली कुठून मिळाली?" मी विचारलं.

"दाराच्या उजव्या हाताला, दगडाखाली. चौथा मुद्दा."

आमच्याकडे सगळ्यांचीच किल्ली दाराच्या उजव्या हाताला दगडाखाली असते. न्हाणी घरामागे आहे, असं सातव्यात होतं. घरामागे गुरांच्या पाण्याचा हौद होता आणि दोघींनी तिथं हातपाय धुतले होते. गॅस नव्हता म्हणून तीन दगड मांडून काटक्यांवर चहा केला होता.

"ताई, हे आमचं घर नाही हो," मी म्हटलं. "तुम्हाला काहीच वेगळं वाटलं नाही?"

थोरलीनं कागदाकडे पाहिलं. "वाटलं ना. पण सगळं इतकं व्यवस्थित लिहिलेलं. कागदच चुकलेला असेल असं मनात आलं नाही. वाटलं, आम्हालाच समजत नाहीये."

धाकटी म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम असं ठेवलंय. शहरातल्या माणसांना साधं राहायची सवय व्हावी म्हणून."

माझं लिहिलेलं इतक्या विश्वासानं कुणी वाचलं नव्हतं. आनंद व्हावा की लाज वाटावी, मला ठरवता येईना. शेवटी लाजच जास्त वाटली.

घराचा मालक वारूळवाडीला राहतो, कंपनीत कामाला जातो आणि सुट्टीला शेतावर येतो. माझा जुना विद्यार्थी. मी त्याला फोन लावला.

"बाई, माझ्या घरात कोण हाय म्हनता?"

"आमचे पाहुणे."

"मग ते माझ्याकडं कसं?"

"अरे, बेटामुळं."

"कुठल्या बेटामुळं?"

मला ते फोनवर नीट सांगता येईना आणि त्याला कळेना. शेवटी तो म्हणाला, "असू द्या, पावणं हायती, बसू द्या निवांत. फकस्त माठाला हात लावू नका म्हनावं. बी राखेत घातलंय, कीड लागू नये म्हनून."

मी धाकटीकडे पाहिलं. ती म्हणाली, "राख? ती आम्ही चाळून टाकली की. केवढी घाण झाली होती बियात. आता अगदी स्वच्छ आहे." आणि तिनं घरातल्याच एका उपरण्यावर पसरलेलं काळंभोर बी दाखवलं. राख अंगणात वाऱ्यानं केव्हाच उडून गेलेली.

मी फोनवर "बरं, बरं" एवढंच म्हटलं आणि ठेवून दिला.

मेंढपाळ बाई चढ उतरून गेली आणि आपल्या वाड्यावरच्या चुलीतली गार राख घमेलं भरून घेऊन आली. थोरलीनं चाळणी धरली. आम्ही चौघी अंगणात बसून राख चाळत होतो आणि बियात कालवत होतो. धाकटीनं किती राख, किती बी, असं विचारलं. मेंढपाळ बाई म्हणाली, "हाताला कळतं." मग धाकटीनं ओंजळीत घेऊन पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "मला नाही कळत." तशा सगळ्याच हसलो. माझी भीती तिथं जरा उतरली.

माठ भरून होतोय तोवर आमचे हे येऊन पोचले. तिन्ही घरं हिंडून आले होते. "तिघांचंबी बी जागेवर हाय," ते म्हणाले आणि मग अंगणात बसलेल्या आम्हाला पाहून गोंधळलेच. "ह्याच्याकडं कवापासनं बी?" या घराचा त्यांनी विचारच केला नव्हता, कारण मालक इथं राहत नाही.

ऊन जायच्या आत दोघींना आमच्या टेकाडावर नेलं. यांनी मोटारसायकलवर सामान नेलं, आम्ही चालत गेलो. आमच्या घरात थोरलीनं कागद हातात धरून एकेक मुद्दा तपासला. माठ, बटण, न्हाणी, गॅस. "आता सगळं जुळतंय," ती म्हणाली. पण तिचा चेहरा काही फार खुललेला दिसला नाही. गादीवर बसून ती खिडकीतून त्या बांबूंकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर घराला कुलूप. दोघी मेंढरांच्या वाड्यावर होत्या. धाकटी एका कोकराचा पाय बांधत होती, थोरली मेंढपाळ बाईकडून बाजरीची भाकरी थापायला शिकत होती. मी केलेली भाजी त्यांनी तिथंच सगळ्यांना वाढली. पाहुण्या माझ्या, घर माझं, आणि मीच पाहुण्यासारखी एका कडेला पानावर बसले. त्यांना नेमकं काय आवडलं होतं ते मला तेव्हाही कळलं नाही. विचारलं तर थोरली म्हणाली, "सगळंच छान आहे हो, मॅडम." बँकेतल्या माणसासारखं, सभ्य आणि मोघम.

जाताना धाकटीनं विचारलं, "पण मॅडम, हे बेट असतं तरी कधी?"

"दिवाळीत असतं," मी म्हटलं. "होळीपर्यंत. पाऊस कमी झाला तर तेवढंही नसतं."

त्या गेल्यावर मी नवा कागद लिहायला बसले. पहिलंच वाक्य अडलं. 'आमचं घर बेटावर आहे' हे लिहिलं आणि खोडलं. 'कधी कधी बेटावर आहे' हेही खोडलं. लेकीला फोन केला की बेट हा शब्दच काढू या.

"आई, तो काढला तर कोण येईल?"

"आणि ठेवला तर कुठं येतील?"

कागद अजून अर्धवट आहे. पाहुणे यायचे असले की आता मीच ओतूरच्या एसटी स्टँडवर जाऊन उभी राहते. परवा एका बाईंनी रिक्षात बसल्या बसल्या विचारलं, "बेट लांब आहे का हो?" मी म्हटलं, "डांबरी रस्ता संपला की आज तरी चालत वीस मिनिटं."