वहिनींच्या ओट्यावरचा पोर्तुगीज घेवडा

नवऱ्याची नोकरी गेली आणि आम्ही आमचा फ्लॅट सोडून त्याच्या थोरल्या भावाकडे, त्याच आखाती शहरातल्या अल अझीझिया भागात राहायला गेलो. त्याला दुसरं काँट्रॅक्ट मिळेपर्यंत, असं ठरलं होतं. मोठ्या जाऊबाईंनी पहिल्याच संध्याकाळी मला स्वयंपाकघर दाखवलं. कुठल्या डब्याला हात लावायचा, कुठल्याला नाही, ओटा कुठल्या फडक्यानं पुसायचा, सगळं नीट समजावलं. फ्रिजचा सगळ्यात खालचा कप्पा माझा. मी त्यांना वहिनी म्हणत होते आणि अहोजाहो करत होते. पुढे भांडलो तेव्हाही ते सुटलं नाही.

त्यांच्या हाताला चव होती, हे मी नाकारत नाही. पण प्रत्येक पदार्थात गोडा मसाला आणि गूळ. आमटीत, भाजीत, अगदी वांग्याच्या भरतातसुद्धा. मी ऑफिसातून येऊन मुकाट्यानं जेवायचे. माझ्याकडून स्वयंपाकात काही व्हावं अशी त्यांची इच्छाच नव्हती. मी कणीक भिजवली तर त्या ती पुन्हा तिंबायच्या, माझ्यादेखत.

त्या घरात मला एकाच पदार्थाची आठवण यायची. आधीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक उतारवयाची पोर्तुगीज बाई राहायची. माझं मूल पोटातच गेलं, तेव्हा मी आठवडाभर अंथरुणातून उठले नव्हते. तिनं कुठून ऐकलं कोण जाणे, एक पातेलं घेऊन वर आली. तिचं इंग्रजी तोकडं, माझं त्या दिवसांत बंदच. तिनं पलंगाशी खुर्ची ओढली आणि मी खाईपर्यंत बसून राहिली. ठिपक्याठिपक्यांचा घेवडा, दाट लाल रस्सा, दालचिनीचा वास. नंतर तिनं मला तो करायला शिकवला. घेवडा रात्रभर भिजवायचा, तमालपत्र आणि दालचिनी घालून मऊ शिजवायचा. कांदा-लसूण ऑलिव्हच्या तेलात अगदी मंद आचेवर, घाई नाही. मग टोमॅटो आणि धुरावलेल्या लाल मिरचीची पूड. तिच्या गावी त्यात डुकराचं सॉसेज घालतात, पण माझ्यासाठी तिनं ते कधी घातलं नाही. वर्षभरात ती मायदेशी परत गेली.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी वहिनींना विचारून तो घेवडा केला. त्या फक्त बरं म्हणाल्या. पातेलं मंद गॅसवर ठेवून मी अंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा पानं मांडलेली होती आणि सगळे बसले होते. पहिल्याच घासाला मला कळलं.

दादा, म्हणजे माझे दीर, म्हणाले की आज उसळ झकास झाली आहे. वहिनींनी त्यांना आणखी वाढली.

"नुसतं उकडल्यासारखं लागत होतं," त्या म्हणाल्या. "मी मसाला घातला आणि गुळाचा खडा टाकला."

मी नवऱ्याकडे पाहिलं. हा घेवडा त्यानं माझ्या हातचा कितीतरी वेळा खाल्ला होता. ते पातेलं वर आलं तेव्हा तो त्याच खोलीत होता. त्यानं पोळीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि म्हणाला, "छान लागतंय."

मी उठले, ओट्यावरचं पातेलं उचललं आणि उरलेला सगळा घेवडा कचऱ्याच्या डब्यात ओतला. दादांनी हात वर केला आणि खलास, पुरे, जेवणावरून भांडण नको, असं म्हणून विषय संपवला. माझं ताट वहिनींनी मी बसायच्या आत उचलून नेलं.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा घेवडा लावला, न विचारता. या वेळी स्टूल घेऊन गॅससमोरच बसले. वहिनी आल्या आणि शेजारच्या शेगडीवर चहा ठेवला. चहा उकळून आटला तरी त्या हलल्या नाहीत.

शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्या घरात कशात काय पडतं ते मी ठरवते."

"मग माझ्या पातेल्याचं झाकण उघडू नका."

"लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून 'तुला काय खावंसं वाटतं?' असं मला कुणी विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तू कोण मोठी लागून गेलीस?"

तेव्हा त्यांची कीव यायला हवी होती, असं मला पुढे एका मैत्रिणीनं सांगितलं. आली नाही. मला वाटलं, म्हणजे हे काय असतं ते वहिनींना चांगलं कळतं, आणि कळून त्यांनी हे केलं. मी स्टूलवरून उठले नाही. घेवडा झाला, तो वाडग्यात घेऊन आमच्या खोलीत गेले, दार लावून एकटीनंच खाल्ला. नवऱ्यालाही दिला नाही.

यथावकाश त्याला काम मिळालं आणि आम्ही त्याच शहरात अल थुमामाला भाड्यानं घर घेतलं. तिथे पहिल्यांदा घेवडा केला तेव्हा त्यानं दोनदा मागून घेतला आणि म्हणाला, एकदा दादा-वहिनींना जेवायला बोलावू या. मी त्याला विचारलं, त्या दिवशी छान लागतंय असं का म्हणालास.

"आपण त्यांच्या घरात राहत होतो," तो म्हणाला.

उत्तर खरं होतं. म्हणूनच मला ते अजून पचलेलं नाही.

गणपतीत आम्ही त्यांच्याकडे जातो. मी मोदक खाते, आरतीला उभी राहते, वहिनींशी उकाड्याबद्दल बोलते. निघताना दादा दरवेळी म्हणतात की तुमचं नवं घर अजून पाहिलं नाही. वहिनी माझ्याकडे बघत असतात. मी चपला घालते आणि नवऱ्याला लिफ्ट बोलवायला सांगते.