उन्हाची सवय लावलेलं कल्चर

देगलूरच्या गुरुबसप्पांचा तेलाचा घाणा होता. त्यांची मुलगी सुकन्या शाळेतून आली की तिथंच पोत्यावर बसून अभ्यास करायची. पुढं नांदेडला तिनं सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, तेव्हा इतरांना जड गेलेला धडा तिला चटकन उमगला. जिवाणूच्या पेशीभोवती एक पातळ पटल असतं आणि ते बरंचसं मेदाचं असतं. साजूक तूप थंडीत थिजतं, करडईचं तेल थिजत नाही, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. जिवाणू हवा थंड की गरम ते बघून या दोन जातींच्या मेदाचं प्रमाण बदलतो, एवढंच नवीन होतं.

आता ती लातूरजवळच्या एका लहान कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. सोयाबीन पेरण्याआधी बियाण्याला लावायचं जिवाणूंचं कल्चर तिथं बाटल्यांत भरतात. हे जिवाणू मुळांवर गाठी करतात आणि हवेतलं नत्र पिकाला देतात.

तीन वर्षांमागं जुलैच्या शेवटी औशाचे शेतकरी भागवतराव उपटलेली झाडं घेऊन तिच्या दारात उभे राहिले.

"ताई, तुमचं कल्चर लावलं. गाठी दाखवा बरं कुठं हायत ते."

दोन-चार बारीक गाठी होत्या, बाकी मुळं कोरी.

मालक राजशेखर म्हणाले, "दुकानदारानं पत्र्याखाली ठेवलं असणार. थंड जागी ठेवा, असं बाटलीवर लिहिलंय आपण."

"मे महिन्यात औशात थंड जागा कुठं हाय, ते पण लिव्हा की," भागवतराव म्हणाले आणि झाडं टेबलावर ठेवून निघून गेले.

सुकन्यानं त्याच लॉटच्या दोन बाटल्या तपासल्या. कारखान्यातल्या शीतखोलीतली जिवंत होती, औशाच्या दुकानातली जवळजवळ मेलेली. ती सरळ राजशेखरांकडं गेली.

"सर, आपण यांना अठ्ठावीस अंशात लाडानं वाढवतो. त्यामुळं त्यांच्या पटलात तेलासारखा पातळ मेद जास्त. दुकानात बेचाळीस अंश झाले की पटल आणखी सैल पडतं, आतलं बाहेर झिरपतं, आणि जिवाणू मरतो. दुकान आपल्याला बदलता येणार न्हाई. पटल बदलता येईल."

"ते कसं?"

"वाढतानाच उष्णता द्यायची. तुपासारखा घट्ट मेद ते स्वतःच वाढवतील."

राजशेखरांनी एक लहान टाकी दिली. सुकन्यानं पहिल्याच दिवशी तापमान सदतीसवर नेलं. आठवड्यानं बघते तर टाकीतलं पाणी नितळ, एकही जिवाणू वाढला नव्हता. सुकन्याला स्वतःचाच राग आला. पटल बदलायला जिवाणूला वेळ लागतो, हे शिकूनही तिनं घाई केली होती.

दुसऱ्या वेळी आधी त्यांना निवांत वाढू दिलं आणि मग रोज एकेक अंश चढवत चौतीसवर थांबली. नमुने नांदेडला तिची वर्गमैत्रीण लुंबिनी हिच्याकडं पाठवले. तिच्या प्रयोगशाळेत मेद वेगवेगळे मोजायचं यंत्र होतं. तिसऱ्या दिवशी लुंबिनीचा फोन आला.

"अगं, घट्ट मेद चांगलाच वाढलाय! मी दोनदा चालवून बघितलं."

"मला माहीत होतं," सुकन्या म्हणाली. ते थोडं खोटं होतं.

पुढच्या मे महिन्यात तिनं औशाच्या त्याच दुकानात, त्याच पत्र्याखाली, जुन्या आणि नव्या पद्धतीच्या बाटल्या ठेवल्या. सहा आठवड्यांनी मोजलं. जुन्यात नावापुरते जिवाणू उरले होते, नव्यातले निम्म्याहून जास्त जिवंत होते. त्यातल्या नव्या पद्धतीच्या बाटल्या घेऊन ती भागवतरावांच्या रानात गेली.

"परत आमच्यावरच प्रयोग व्हय?"

"अर्ध्या रानाला लावा, अर्धं तसंच सोडा. मग मला काय बोलायचं ते बोला."

ऑगस्टमध्ये भागवतरावांनी तिच्यासमोर दोन्हीकडची झाडं उपटली. कल्चर लावलेल्या मुळांवर गाठींचे घोस लोंबत होते. त्यांनी एक गाठ नखानं फोडली. आत लालसर गुलाबी रंग होता, म्हणजे गाठ काम करत होती.

"लई झ्याक," ते म्हणाले आणि शेजारच्या बांधावरच्या माणसांना हाका मारू लागले.

त्या हंगामानंतर कारखान्याची मोठी टाकीही तिच्याच पद्धतीनं चालते. यंदा तिनं हरभऱ्याचं कल्चर हातात घेतलंय. तो जिवाणू वेगळा. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. सोमवारी तिनं तिसरी लावली.