धोंडीचा बेडूक

वामनरावांना गावात मान होता तो धोंडीमुळे. पावसाने ओढ दिली की महागावकडच्या गावांत धोंडी निघते. मुसळाला कडुनिंबाचा पाला, पाल्यात बांधलेला बेडूक, आणि दारोदार त्याच्यावर तांब्याभर पाणी. बाकीचे लोक डबक्यातला मिळेल तो बेडूक धरत. वामनराव मात्र हट्टी. डोंगरावरच्या जंगलात, झऱ्याच्या ओल्या कपारीत राहणारा अंगठ्याएवढा, पिवळ्या पोटाचा बेडूकच त्यांना लागायचा. त्याच्याशिवाय धोंडी म्हणजे पोरखेळ, असं ते म्हणत. दोनतीनदा खरंच पाऊस आल्यामुळे त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

जीव घेण्याचं पाप मात्र त्यांनी जाणून कधी केलं नाही. धोंडी झाली की बेडकाला हळदकुंकू वाहून ते आपल्या हाताने गावच्या विहिरीत सोडत. पुन्हा डोंगर कोण चढणार? पाण्याच्या जिवाला पाणी मिळालं, झालं. विहिरीतून डरांव डरांव ऐकू आलं की नातीला, सुरभीला सांगत, "हे सारे आपलेच हायेत."

गुडघे गेले आणि डोंगर सुटला, त्याला नऊ वर्षं झाली. यंदा निकिता आली, बेडकांचा अभ्यास करणारी. तो बेडूक जगात त्या एका झऱ्यावरच होता म्हणाली, आणि आता एकही दिसला नाही तर तो संपला असं लिहावं लागणार होतं.

"दाखोतो ना," वामनराव म्हणाले. "मले नाई ठाऊक, तं कोनाले?"

चार दिवस ते काठी टेकत चढले. दगड न् दगड उलटवला. झरा होता, शेवाळ होतं, बेडूक नव्हता. शेवटी त्यांनी तिला विहिरीवर आणलं. निकिताने बराच वेळ कान देऊन ऐकलं.

"हे साधे बेडूक आहेत, आजोबा. तो वाहत्या गार पाण्यातला. विहिरीत तो जगणार नाही."

वामनराव काठावर बसले. आजवर किती सोडले ते आठवू नये असं त्यांना वाटत होतं, आणि नेमकं तेच आठवत होतं. मन खाऊ लागलं.

"शेवटचा कधी पाहिलात?" निकिताने वही उघडली.

"नऊ वर्सं झाले. दिसभर हुडकला तवा. एकच भेटला."

"मग शेवटचा पाहणारा म्हणून तुमचं नाव लिहिते."

"पाह्यनारा लिवू नोको, पोरी," वामनराव म्हणाले. "नेनारा लिव."