आठवीच्या वर्गातला तक्ता

मी पणदऱ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. कामांची यादी केल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, आणि चूकही यादीतच झाली.

आठवीला मधुमेह शिकवताना मी मुलांना घरी विचारून यायला सांगितलं, कुणाकुणाला शुगर आहे? दुसऱ्या दिवशी मुलाचं नाव, घरातलं माणूस, आजार असा तक्ता करून फळ्याशेजारी लावला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आई-वडिलांना असेल तर मुलांना धोका जास्त.’ नेटका झाला म्हणून खूशही झाले.

एका मुलीनं आईची शुगर लिहिली होती. तिच्या थोरल्या बहिणीची सोयरीक ठरत आली होती. नवऱ्या मुलाची धाकटी बहीण त्याच वर्गात. तिनं तक्ता वहीत उतरवून घरी नेला.

आठवड्यानं त्या मुलीची आई शाळेत आली.

“बाई, गोळ्या मी पिठाच्या डब्यामागं ठेवती. घरच्यांबिगर कुणाला ठाव नव्हतं. आता ती माणसं म्हणत्यात, पोरीलाबी व्हणार, बाईंनीच लिवलंय.”

तक्ता मी तिच्यासमोरच काढून टाकला. संध्याकाळी स्कूटीवरून नवऱ्या मुलाच्या घरी गेले. मुद्दे लिहूनच नेले होते: धोका म्हणजे आजार नव्हे, खाणं सांभाळलं, चालणं ठेवलं, वेळेवर तपासलं, तर तो टळतो, निदान लांबतो. मुलाच्या आईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“पटतंय की. पण बाई, तुमच्या घरात हाय का कुणाला?”

“त्यांच्यात कशाला आसंल?” मुलाची आत्या हसली. “त्या तर पोरांना बिस्किटाचा पुडाबी आणू देत न्हाईत!”

माझ्या नवऱ्याला सहा वर्षांपासून शुगर आहे. आमच्या मुलीची पत्रिका त्याच महिन्यात तीन ठिकाणी गेली होती.

“नाही,” मी म्हणाले.

“मग तुमाला सोपं वाटणारच,” मुलाची आई म्हणाली.

कागद पर्समध्ये घालून मी उठले.

सोयरीक मोडली. आईची शुगर लिहिणारी ती मुलगी अजून माझ्या वर्गात आहे; विचारलं तर उत्तर देते, माझ्याकडे बघत नाही. तिच्या आईची मी घरी जाऊन माफी मागितली, पण फक्त तक्त्याबद्दल. त्या दुसऱ्या घरात मी काय बोलले, ते तिला सांगितलेलं नाही.