देवरावचं झाकलेलं कुटार

फुलसावंगीच्या देवरावला नव्याची भारी हौस. कोणी काही नवीन सांगितलं की ते आधी आपल्या अंगणात झालंच पाहिजे. निभलं तर देवरावचं, फसलं तर निस्तरायला मथुराबाई आहेच.

त्या साली गावानं जिकडेतिकडे कापूस लावला. कापसानं काही हात दिला नाही, वर ज्वारी गेली आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. उरलं गव्हाचं कोरडं कुटार, म्हणजे नुसता भुसा. म्हैस ते नुसतं हुंगायची. दूध आटलं, तशी मथुराबाईनं नवऱ्याला बजावलं, "इथं उपाशी मरण्यापेक्षा म्हैस दिग्रसले माह्या भावाकडं जाईन. दादाले निरोप धाडला मी."

"तीन हप्ते थांब म्हन त्याले!" देवराव महागावचं चाऱ्याचं शिबिर करून आला होता; युरियानं कुटार मऊ आणि कसदार होतं, असं तिथं ऐकलं होतं. त्यानं घरातलं होतं नव्हतं तेवढं कुटार अंगणात पसरलं, मापानं युरिया कालवलेलं पाणी शिंपडलं, नाचून नाचून तुडवलं आणि वर प्लास्टिक टाकून कडा मातीनं लिंपल्या.

"खत चारता म्हशीले?" मथुराबाईनं कपाळाला हात लावला.

तीन आठवड्यांनी देवरावनं अख्खी गल्ली उद्घाटनाला बोलावली आणि प्लास्टिक ओढलं. उघडल्यावर वास उडू द्यायचा, मगच जनावराला घालायचं, हे शिबिरात सांगितलं होतं. पण तेव्हा हा गडी जेवणाच्या रांगेत पहिला उभा होता. असा उग्र भपका आला की बायांनी पदर डोळ्याला लावले, बाप्ये हुंदके देऊ लागले.

नेमका तेव्हाच मथुराबाईचा भाऊ बाबाराव म्हैस न्यायला आला. पाहतो तर अंगणात रडारड, बहीण डोळे पुसतेय आणि जवाई कुठेच नाही! त्यानं मथुराबाईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "गेले वो जवाईबुवा! येडा होता, पण लय भोळा होता!"

गोठ्यामागे देवराव डोळ्यांवर पाणी मारत होता. तिथूनच म्हणाला, "जित्ता हावो मी. येडा कोणाले मंतलं?"

"जय भीम, जवाईबुवा," बाबाराव ओशाळून म्हणाला.

म्हशीनं मात्र कुटाराकडे पाठ फिरवली. बाबारावनं दाव्याला हात घातला, देवराव बघत राहिला. म्हैस तर चाललीच होती, पण बायकोच्या मनातून आपण आता कायमचे उतरलो, हे त्याला जास्त लागलं. त्याला मान वर करवेना.

ते पाहून मथुराबाईच तणतणत उठली. "गरम भाकर बी निवू द्या लागते, तुमाले धीर कुठं!" तिनं कवेत धरून चार कवळ कुटार वाऱ्यावर पसरलं. भावाला म्हणाली, "चहा पे आधी."

चहा होऊन गप्पा होईपर्यंत वास बराच उडाला. तिनं टोपलं पुढे सरकवलं. म्हशीनं हुंगलं, एक घास घेतला. मग दुसरा. मग मान वर काढायचं नावच नाही.

बाबाराव पुन्हा दाव्याकडे वळला.

"थांब दादा," मथुराबाई म्हणाली. "खात्या जीवाले ताटावरून उठवत नसते."

हे बाबारावलाही पटलं. तो बसला. टोपलं रिकामं होत आलं की मथुराबाई हळूच आणखी एक कवळ टाकायची. शेवटची एसटी आली, तेव्हा बाबाराव एकटाच दिग्रसला गेला.